मुकादमाचा एक बरा फोटो

३ ऑक्टोबर, रात्री
दादाची परदेशी बदली झाल्यापासून त्याचा बोका आमच्याकडे आहे. नाव मुकादम. स्वतः काडी हलवत नाही, पण घरात कोण काय करतंय यावर दिवसभर नजर. आज डॉक्टरांनी सांगितलं की बायकोच्या शिंका आणि छातीतली घरघर त्याच्या केसांमुळे आहे. महिनाअखेरीपर्यंत त्याला दुसरं घर शोधायचं. प्राणी दत्तक देणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फोटो टाकला की झालं.
बायको म्हणाली, तू टाकतोस की मी टाकू? मी म्हटलं, मी विमा कंपनीत अपघातातल्या गाड्यांचे फोटो तपासून पोट भरतो, फोटोचं माझ्यावर सोड. उद्या सकाळी नाश्त्याआधी काम संपेल.
मला त्याचा लळा वगैरे लागलेला नाही. हे इथे नोंदवून ठेवतो.

४ ऑक्टोबर, सकाळ
फोनवर फोटोग्राफीचे व्हिडिओ पाहिले. नियम सोपे आहेत. लेन्स पुसावी. ऊन कोवळं असावं. प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावं. लेन्स पुसली, ऊन कोवळं होतं, फरशीवर पालथा झोपलो. मुकादम उठून आत गेला.

४ ऑक्टोबर, संध्याकाळ
कंबर धरली आहे. नाश्ताही राहिला.

७ ऑक्टोबर
त्याला बाल्कनीत बायकोच्या कुंड्यांमध्ये बसवला. पोर्ट्रेट मोड लावला, म्हणजे मागचं सगळं धूसर होतं. फोनने जरबेराचं फूल मुख्य मानलं. पाकळी न् पाकळी स्पष्ट, मागे मुकादम धुक्यात. तरी ग्रुपवर टाकला, लोकांचं मत कळावं म्हणून. बऱ्याच जणांनी रोप मागितलं. मागे उशी ठेवली आहे का, असंही एकाने विचारलं.
फोनमध्ये दोष असावा.

१० ऑक्टोबर
नवी युक्ती: प्राण्याने लेन्सकडे पाहावं म्हणून फोनच्या वर खाऊ धरावा. माशाचा तुकडा धरला. मुकादमाने तुकडा खाल्ला आणि मग लेन्स चाटली. त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत घरात धुकं पसरल्यासारखं दिसतं.
बायको म्हणाली, बघू तरी, आतापर्यंत किती झाले. मी म्हटलं, एकही नाही, दर्जा नसलेले मी लगेच डिलीट करतो. ती म्हणाली, आपल्याला प्रदर्शन भरवायचं नाहीये, त्याच्यासाठी घर शोधायचंय. एवढं बोलेपर्यंत तिला चार शिंका आल्या, त्यामुळे वाद अर्धवट राहिला.
तिचं बरोबर असेल का? विचार केला. नसावं. वाईट फोटोमुळे वाईट घर मिळालं तर जबाबदार कोण?

१५ ऑक्टोबर
आज उत्तम फोटो मिळाला. उजवी बाजू, मिशांवर ऊन, नजर रुबाबदार. तासभर आनंदात होतो. मग शंका आली. मुकादमाचा डावा कान फाटलेला आहे आणि तो या फोटोत दिसत नाही. ही फसवणूक नाही का? गेल्याच महिन्यात पोचा आलेली बाजू लपवून फोटो पाठवणाऱ्या एका गृहस्थांचा क्लेम मी नामंजूर केला. ऑफिसात एक न्याय आणि घरात दुसरा, हे मला जमणार नाही. फोटो डिलीट केला.
बायकोला कारण सांगितलं. ती म्हणाली, लग्न ठरताना तू पाठवलेला फोटो कॉलेजातला होता. तेव्हा डोक्यावर केस होते.
तो मी नाही, आईने पाठवला होता.

१८ ऑक्टोबर
ज्यात आपला हातखंडा आहे तेच करावं. ऑफिसच्या पद्धतीने फोटो काढले: समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि कानाचा जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. खाली लिहिलं, ‘डाव्या बाजूस जुनं नुकसान. इतर भाग चालू स्थितीत.’ पारदर्शक आणि पूर्ण. ग्रुपवर टाकले.

१९ ऑक्टोबर
सात प्रतिक्रिया. चौघांनी अपघात कुठे झाला ते विचारलं. दोघांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. एकाने, चालकाला पकडलं का?
लोक नीट वाचत नाहीत.

२२ ऑक्टोबर
बायकोला पहाटे श्वास घेता येईना. खिडकीशी बसवून पंप दिला, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं. मी तिची पाठ चोळत होतो आणि मुकादम दारातून आमच्यावर देखरेख करत होता. फार अपराधी वाटलं. ठरवलं, आज जसा येईल तसा फोटो टाकायचा.
दिवसभर ढगाळ होतं. अशा उजेडात त्याचा रंग खोटा येतो.
मी मुद्दाम लांबवतोय का? प्रामाणिकपणे तपासलं. नाही.

२५ ऑक्टोबर
ऊन छान पडलं. बाल्कनीत पालथा झोपून फोन तयार ठेवला. मुकादम समोर आलाच नाही. मागून आला, माझ्या पाठीवर चढला आणि झोपला. हललो तर उठेल, म्हणून मी तसाच पडून राहिलो. बायको मोजे वाळत घालायला आली. जरा थांबली, तिच्या फोनचा आवाज झाला, मग मोजे वाळत घालून आत गेली.
संध्याकाळी कळलं. तिने तो फोटो ग्रुपवर टाकला आहे. उजेड उलटा, कडेला बादली, माझे पाय कापलेले. खाली लिहिलंय, ‘दोघेही देणे आहेत. वेगवेगळे दिले तरी चालतील.’

२६ ऑक्टोबर
तिघांचे फोन आले. तिघांनाही मांजरच हवं आहे.

२८ ऑक्टोबर
एक निवृत्त नर्सबाई मुकादमाला घेऊन गेल्या. बाई चांगल्या आहेत. कान पाहिला आणि म्हणाल्या, माझा गुडघाही असाच आहे. मी नुकसानीची सविस्तर माहिती देऊ लागलो, तर म्हणाल्या, राहू द्या, आम्ही बघून घेऊ एकमेकांना. तो त्यांच्या टोपलीत आपणहून जाऊन बसला.
बायको म्हणाली, काढ आता शेवटचा एक. समोरून स्वच्छ उजेड होता, तो अगदी स्थिर होता, डोळ्यांची पातळी जमली होती. फोन वर केला, पण स्क्रीनवर काही नीट दिसेना. लेन्स पुसली, तरी दिसेना. तिला म्हटलं, डोळ्यांतून पाणी येतंय, नाकही वाहतंय. ती म्हणाली, तुलाही त्याच्या केसांची अ‍ॅलर्जी झाली असेल.
शक्य आहे. उद्या संध्याकाळची डॉक्टरांची वेळ घेतली आहे.