एका हाकेला ओ न देणाऱ्यांच्या फिर्यादी

प्रति,
मेहेरबान डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट साहेब,
जिल्हा सोलापूर यांचे सेवेशी

अर्जदार : वेणीमाधव रामचंद्र घळसासी, पेन्शनर शिक्षक, बिनसरकारी सभासद, पोलीस फिर्याद कमिटी, मागची पेठ, सोलापूर.

विषय : कमिटीची शेवटची बैठक चौकीबाहेर व दिवसाउजेडी भरवून फिर्याद करणारांस तीन वेळा हाक मारण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : माझ्याकडे सहीसाठी आलेले कमिटीचे वार्षिक निवेदन.

महोदय,

१. हा अर्ज करण्याचा मला अधिकार आहे की नाही, याविषयी मी स्वतः साशंक आहे. कमिटीत आम्ही तिघे. अध्यक्ष वकीलसाहेब व दुसरे सभासद, सुताचे व्यापारी, हे दोघेही माझ्याहून जाणते आहेत व दोघांच्याही सह्या निवेदनावर झाल्या आहेत. माझी तेवढी राहिली आहे. माझे आयुष्य पुस्तकांत गेले. चारचौघांत बोलताना माझा आवाज बसतो. म्हणून लिहून कळवीत आहे. काही अधिकउणे झाल्यास क्षमा असावी.

२. पेठेतील लोकांच्या पोलिसांविरुद्धच्या फिर्यादी पोलिसांखेरीज इतर कोणी ऐकाव्यात, म्हणून सरकारने ही कमिटी नेमली. वकीलसाहेबांना दिवसा कोर्ट असते व व्यापाऱ्यांना पेढी, त्यामुळे बैठक दिवेलागणीनंतर भरते. जागा मागची पेठ चौकीची ओसरी. हवालदार धुळा वाघमोडे कंदील घेऊन फाटकाशी उभे राहतात व फिर्याद करणाराचे नाव एकदा पुकारतात. कोणी आले नाही की फिर्याद गैरहजेरीने निकालात निघते. वर्ष झाले, एकही मनुष्य ओसरी चढलेला नाही. निवेदनात लिहिले आहे की मागच्या पेठेत पोलिसांविरुद्ध कसलीही तक्रार उरलेली नसल्यामुळे ही कमिटी बंद करण्यास हरकत नाही.

३. याबद्दल मी एकदा भीतभीत शंका काढली. वकीलसाहेब हसून म्हणाले, "मास्तर, पेठ सुखी आहे. आता सुखाचीही चौकशी करायची आहे का?" कदाचित त्यांचेच बरोबर असेल, असे त्या दिवशी मला वाटले होते.

४. गेल्या बैठकीनंतर मी चष्मा विसरलो म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. चौकीसमोर रस्त्याच्या पलीकडे कडुनिंब आहे. त्याखाली अंधारात माणसे बसलेली दिसली. जवळ गेल्यावर मी ओळखले, की थोड्याच वेळापूर्वी ज्यांची नावे गैरहजर म्हणून लिहिली गेली, तीच ही माणसे. ती प्रत्येक बैठकीला येत होती. फाटकापासून इतक्या जवळ, की कंदिलाचा उजेड त्यांच्या पायांपर्यंत पोचत असावा. मी विचारले, "तुमचे नाव पुकारले, तेव्हा तुम्ही का आला नाहीत?" तेव्हा नागव्वा नावाची वृद्ध बाई म्हणाली, "यका हाकेला कोन ओ देतंय, मास्तर? तुमी देता व्हय?"

५. हुजुरांना या मुलखाची रीत ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. प्लेगच्या सालापासून इकडे लोक मानतात की दिवेलागणीनंतर हाकामारी फिरते. ती ओळखीच्या आवाजात दारातून नाव घेते, पण एकदाच. ओ देऊन जो बाहेर जातो, तो परत येत नाही. माणूस असला तर तो तीनदा हाक मारतो. म्हणून तिसऱ्या हाकेपर्यंत घरातले कोणी तोंड उघडत नाही. प्लेगात आमच्या दारावरही, ती वाचून परत फिरावी म्हणून, "उद्या ये" असे चुन्याने लिहिलेले होते व माझी आई गोदावरी हिने माझ्या तोंडावर हात दाबून धरलेला मला आठवतो. पुढे नोकरीभर मी मुलांना शिकवले की असे काही नसते. अजूनही माझे मत तेच आहे. निदान या महिन्याच्या आरंभापर्यंत होते.

६. नागव्वाची फिर्याद अशी : तिचा मुलगा गुरप्पा गिरणीत कामाला होता. संपाच्या दिवसांत एका संध्याकाळी तो जेवायला बसला असता दारातून "गुरप्पा!" अशी एक हाक आली. नागव्वाने त्याचा हात धरला. "थांब रे अप्पा, तिसऱ्यांदा येऊ दे." तो हसला. "अव्वा, ही हवालदाराची हाक हाय. भुताची न्हाय." ताटावरून उठून तो उष्ट्या हातानेच दारापर्यंत म्हणून गेला. तो अद्याप आलेला नाही. चौकीचे म्हणणे असे की, विचारपूस करून त्याला त्याच रात्री सोडले व तो रेल्वेत काम पाहण्यासाठी कुर्डुवाडीला गेला. नागव्वा कुर्डुवाडीला जाऊन आली. तिथे त्याला कोणी पाहिलेले नाही. त्याच्या वहाणा घरच्या उंबऱ्यातच राहिल्या आहेत. ती त्या पदरात गुंडाळून प्रत्येक बैठकीला आणते. मला दाखवून म्हणाली, "परगावाला निगालेलं मानूस अनवानी जातंय का, तुमीच सांगा की." याचे उत्तर आपणास सुचल्यास कृपा करून मला कळवावे.

७. ही माणसे भोळी आहेत, असे वकीलसाहेब म्हणतील. पण हाक कोणाची आहे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. हवालदारांचा आवाज पेठेत लहान मूलही ओळखते. गुरप्पानेही तो ओळखला होता. ज्या आवाजाने गुरप्पाला नेले, त्याच आवाजाने, त्याच वेळी, त्याच फाटकातून त्याच्या आईला एकदा हाक मारायची व ती आली नाही तर तिची तक्रार नाही असे लिहायचे, हे कितपत न्यायाचे आहे? मी हवालदारांना नुसते सुचवले की तीनदा पुकारावे. ते म्हणाले, "एकदा पुकारायचा हुकूम हाय, मास्तर. न्हाई आले तर त्याला मी काय करू?" खरोखर तसाच हुकूम आहे. हवालदार खोटे बोलले नाहीत.

८. येत्या बुधवारची बैठक शेवटची. त्यानंतर कमिटी उठेल आणि नागव्वाचे म्हणणे ऐकून घेणारे पेठेत कोणी उरणार नाही. सबब मागणे ऐसे की, ही बैठक रविवारी सकाळी, गिरण्यांना सुट्टी असताना, मुलांच्या शाळेच्या ओसरीवर भरावी. नावे पोलिसाने न पुकारता नागव्वाची शेजारीण मायाक्का हिने पुकारावीत; तिची हाक चार गल्ल्या ऐकू जाते. प्रत्येक नाव तीनदा घ्यावे. त्या वेळी हवालदार तेथे नसावेत. आणि कमिटी पुढे चालू ठेवण्याचे मनात आल्यास सभासदांना चौकीत आगाऊ न कळवता शिरण्याची मुभा असावी. आज आम्ही ओसरीवर चहा घेतो. तिच्यामागे एक दार आहे, ते नेहमी लावलेले असते. वर्षभर मी त्या दाराला पाठ करून बसलो व पलीकडे काय आहे ते मला सांगता येणार नाही. हल्ली घरीही भिंतीला पाठ टेकल्याखेरीज मला बसवत नाही.

९. वरील गोष्टी ऐकून घेतल्याखेरीज निवेदनावर सही न करण्याची मला मोकळीक असावी. मी हट्टी नाही. लेखणी दोनदा हातात घेतली होती. दोन्ही वेळा कडुनिंबाखालची माणसे डोळ्यांपुढे आली व लेखणी ठेवावी लागली.

१०. शेवटचे कलम लिहावे की नाही, हे ठरत नव्हते. सही करणार नाही असे मी वकीलसाहेबांना कळवले, त्यानंतरच्या सोमवारी, दिवे लावून मी वाचीत बसलो असता, दारातून "मास्तर!" अशी हाक आली. आवाज ओळखीचा होता. मी दिवा बारीक केला. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील म्हणून वाट पाहिली. पुन्हा हाक आली नाही. दारात हवालदार होते किंवा कसे, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण मी दार उघडले नाही. तरी या अर्जाचे उत्तर टपालाने पाठवण्याची मेहेरबानी व्हावी. शिपायाकरवी दारातून हाक मारून कळवू नये. मी ओ देणार नाही, आणि माझीही गैरहजेरी लिहिली जाईल.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
वेणीमाधव रामचंद्र घळसासी

सोलापूर, ता. १४ माहे डिसेंबर सन १९३३.

सोबत :
(१) वार्षिक निवेदन, माझ्या सहीविना.
(२) नागव्वाची फिर्याद, तिच्या अंगठ्यासह.
(३) पुरावा म्हणून गुरप्पाच्या वहाणा जोडणार होतो. नागव्वाने दिल्या नाहीत. तो आल्यावर त्याला लागतील, असे ती म्हणते.