सेक्टर बावीसमधला किल्ला

नोएडा,
१० ऑक्टोबर १९९४

ती. सौ. कुमुदताईस,
भालूचा शि. सा. न. वि. वि. काम अडलं आहे, म्हणून नमस्कार यंदा जरा जास्त वाकून.

आम्ही सगळे मजेत. दिवाळीमुळे कारखान्यात तिन्ही पाळ्या चालू आहेत. अख्ख्या देशाला रंगीत टीव्ही हवा आहे आणि तो बहुधा मी एकट्यानेच बनवायचा आहे. इथे येऊन दीड वर्ष झालं, तरी परदेशात आल्यासारखंच वाटतं. पत्ता विचारला की लोक नुसते आकडे सांगतात.

अर्पिता सहा वर्षांची झाली. तिच्या वर्गातली सगळी मुलं दिवाळीला नानीकडे जाणार, आणि बाबाला रजा नाही म्हणून आपण मात्र इथेच, हे कळल्यावर ती दोन दिवस फुगून बसली. तिला हसवायला मी म्हणालो, आपण इथेच किल्ला करू. इथवर ठीक होतं, पण मग माझी जीभ थांबेना. इस्लामपुरात मी किल्ल्यांचा राजा होतो, गल्लीत सलग चार वर्षं पहिलं बक्षीस माझंच, असं मी तिला ठोकून दिलं. तिने ते शाळेत सांगितलं, खालच्या भटनागरबाईंना सांगितलं, गेटवरच्या राजवीर चौकीदारालाही सांगितलं. तो आता मला जरा वेगळाच सलाम ठोकतो.

खरं काय ते तुला आणि मला माहीत आहे. किल्ले तू बांधायचीस. मी चिखलात नाचायचो आणि बक्षीस घ्यायला तेवढा पुढे व्हायचो. परवा गच्चीवर चोरून तालीम केली. इथली माती यमुनेकाठची, रेताड. तट उभा करेपर्यंत बुरूज बसतो. ममता बघून म्हणाली की किल्ला राहू द्या, उपमा मात्र छान झालाय.

तेव्हा कृती लिहून पाठव. फोन नको, अर्पिता फोनपाशीच असते.

हे वाचून जेवढा उरेल तेवढा लोभ असू द्यावा, ही विनंती.
तुझा,
भालू


इस्लामपूर,
१७ ऑक्टोबर १९९४

चि. भालचंद्र यास अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

अरे गाढवा, नुसत्या मातीचा किल्ला कधी उभा राहतो का? आधी विटा आणि दगड रचून डोंगर कर. त्यावर जुनं गोणपाट चिखलात बुडवून पांघर. मातीत थोडं शेण आणि भुसा मळून घे, म्हणजे तुझी ती रेताड माती धरून राहील. दिवाळीच्या पाच-सहा दिवस आधी हळीव पेर आणि पाणी शिंपड. ओतू नकोस. तुझा हात ओतायचा आहे, मला माहीत आहे.

आता माझी अट. बक्षीस तुझ्या नावाने लागायचं, कारण स्पर्धा मुलग्यांची होती आणि आप्पांनी अर्जावर तुझं नाव घातलं. तू सहा-सात वर्षांचा होतास, तुझा काय दोष? पण आज तू सदतीस वर्षांचा आहेस, आणि ही थाप तू एका मुलीला मारली आहेस, भालू. किल्ला बांधणारी तिची आत्या होती, हे तिला याच दिवाळीत कळलं पाहिजे. तुझ्या तोंडून. हे लिहिताना मी हसत नाहीये.

चि. अर्पितास गोड पापा. सौ. ममताला आशीर्वाद, आणि तुला सोसते म्हणून शाबासकी.
तुझी,
ताई


नोएडा,
७ नोव्हेंबर १९९४

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

किल्ला उभा राहिला! बिल्डिंगखालच्या गवतात, चांगला कमरेएवढा. शेण राजवीरने आणून दिलं. शेण मळणारा इंजिनियर बघायला दोन बिल्डिंगांमधली मुलं जमली, आणि अर्पिताला एका दिवसात सात मैत्रिणी मिळाल्या. बाजारात मावळे कुठले मिळायला! प्लॅस्टिकचे हिरवे सैनिक आणले, ते बंदुका रोखून तटावर बसले. महाराजांच्या जागी फेटेवाला राजस्थानी बाहुला. हळीवही उगवले.

तुझी अट मी रोज उद्यावर ढकलत होतो. पोरगी इतक्या कौतुकाने बघायची की धीरच होत नव्हता. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

पाडव्याला सकाळी ममता मला ओवाळत होती, तेवढ्यात खालून घंटा ऐकू आली. धावत गेलो. सेक्टरमधल्या दहा-बारा बायका ताटं घेऊन किल्ल्याभोवती फेऱ्या मारत होत्या! इकडे त्या दिवशी शेणाचा गोवर्धन पर्वत करून पुजतात. आपला किल्ला त्यांना गोवर्धन वाटला आणि बाहुला श्रीकृष्ण. महाराजांना टिळा, मावळ्यांपुढे लाह्या-बत्तासे. आणि तुझ्या भावाने काय केलं? हात जोडून प्रसाद घेतला.

मग भटनागरबाईंनी कौतुकाने विचारलं की एवढा सुंदर पर्वत करायला भाईसाहब शिकले कुठे. मी तोंड उघडायच्या आत अर्पिताने छाती फुगवून सांगितलं, की पापांना कुणी शिकवलं नाही, ते लहानपणापासून फर्स्ट येतात.

ताई, तोंडातला बत्तासा घाईने गिळला. मग मी सगळ्यांसमोर बोललो, की हा पर्वत नाही, किल्ला आहे. तो मला येत नव्हता. तो माझ्या ताईला येतो, बक्षिसं तिची होती आणि नाव माझं लागलं. माझ्या हिंदीत त्याचं काय झालं कोण जाणे, कारण भटनागरबाईंनी काळजीने विचारलं की बहीण हयात आहे ना. आहे म्हटल्यावर त्यांनी तुझ्या नावाने आणखी एक फेरी मारली.

अर्पिता मात्र दिवसभर माझ्याशी बोलली नाही. थाप मारली म्हणून रागावली असेल, असं मला वाटलं. झोपायच्या वेळी जवळ आली आणि विचारलं, की तुम्ही प्राइज घेतलं तेव्हा आत्या रडली होती का.

चार वर्षं बक्षीस घेतलं, पण मागे वळून तुझ्याकडे बघितल्याचं मला एकदाही आठवत नाही. तेव्हा विचारतो आहे. रडली होतीस का?

भाऊबीजेला येता आलं नाही. माझं चुकलं, ताई. लोभ कर असं सांगायचा हक्क नाही, तरी सांगतो.
तुझा,
भालचंद्र


इस्लामपूर,
१५ नोव्हेंबर १९९४

चि. भालू यास अनेक आशीर्वाद.

अर्पिताला सांग, हो. पहिली तीन वर्षं रडले, परसातल्या हौदामागे बसून. चौथ्या वर्षी रडू आलं नाही. पाचव्या वर्षी किल्लाच केला नाही. तुम्हाला वाटलं, मी मोठी झाले.

तिने विचारलं म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी भाजी निवडत होते. वाचून असं रडू फुटलं की तुझे दाजी घाबरून बाहेर आले. त्यांना वाटलं, तुमच्यापैकी कुणाला काही झालं. मी पत्रच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि विचारलं की तू किल्ले बांधायचीस?

लग्नाला एकवीस वर्षं झाली, भालू. त्यांनाही मी कधी सांगितलं नव्हतं.

सर्वांना आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहे, तो सांगून थोडाच होतो?
तुझी,
ताई