चौकीवर कोण?

४ नोव्हेंबर

बटाटे पुन्हा जास्त झाले! किती वेळा ठरवलं, एका माणसाचा स्वयंपाक करायचा. हात ऐकत नाही. सगळी नोकरी पलटणीच्या भटारखान्यात गेली, छोटं पातेलं कधी चुलीवर चढवलंच नाही. खालच्या वहिनींना दिले, समोरच्या म्हातारबुवांना दिले, शेवटी जिन्यातल्या मांजराला दिले. मांजराने वास घेतला आणि निघून गेलं. मांजराने!

बेघर माजी सैनिकांना घर, अशी सरकारची योजना आहे. त्यात ही खोली मिळाली. खोली झकास आहे. झोप मात्र बस आगारातल्या माझ्या जुन्या बाकावरच राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, डोकं हलकं होईल. लिहितोय. डोकं आहे तेवढंच आहे.

५ नोव्हेंबर

वहिनींनी जिन्यात गाठलं. "भाऊ, आज काय केलंय?" म्हणजे सवय लागली यांना!

७ नोव्हेंबर

योजनेच्या बाई आल्या. त्यांचा चष्मा कायम घसरलेला असतो आणि त्या स्वतः कायम घाईत. म्हणाल्या, "उस्ताद, खांबाचं काय करायचं?"

खांब म्हणजे माझा आगारातला शेजारी. तोही माजी सैनिक. बंद पडलेल्या तिकीट खिडकीपुढे उभा असतो, दमला की तिथेच बसतो, तिथेच झोपतो. हलत नाही म्हणून कंडक्टर लोकांनी हे नाव ठेवलं. माझ्या शेजारची खोली त्याच्यासाठी तयार आहे. गादीसुद्धा घातली आहे. पण हा येईल तर ना! आणि त्याच्या पायाची जखम चिघळली आहे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, लवकर दाखल झाला नाही तर पाय काढावा लागेल.

बाईंनी सगळं करून पाहिलं. कांबळं दिलं, त्याने घडी घालून परत केलं. माहितीपत्रक दिलं, त्याने त्याचा वारा घेतला. मग गोड आवाजाचा एक समुपदेशक पाठवला. खांबाने त्याला ओळखपत्र विचारलं. ते तो टेबलावर विसरून आला होता. दिला परत पाठवून!

मी पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. "तुमचं तरी ऐकेल का?"

खांब, आणि कोणाचं ऐकेल! तरी हो म्हणून बसलो.

८ नोव्हेंबर

डबा घेऊन गेलो. उभ्यानेच खाल्लं त्याने, पाठ खिडकीला. पायाच्या पट्टीला वास येत होता. नासलेल्या मटणाचा वास मला झोपेतही कळतो.

म्हटलं, "चल ना लेका. खोली आहे, दवाखाना आहे."

"पहाऱ्यावर आहे."

"कसला पहारा? खिडकी बंद आहे!"

"साहेब म्हणाले, इथून हलू नका, मी गाडी घेऊन येतो."

कुठले साहेब? खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. आधीची योजना होती त्या वेळची गोष्ट. जीपमधून एक साहेब आले, नाव-गाव विचारलं, इथेच थांबा म्हणाले आणि गेले ते गेलेच. हा तेव्हापासून थांबलाय! मी बाजूच्या बाकावर वर्षानुवर्षं झोपलो आणि कधी विचारलं नाही. आगारात कोणी कोणाला, तू इथे का, असं विचारत नाही.

"अरे, विसरले ते!"

"त्यांनी विसरावं. मी कसा विसरू?"

घरी येऊन काही खाल्लं नाही. पातेलंभर उरलं.

९ नोव्हेंबर

बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "आमच्याच खात्याचे साहेब?"

चौकशी केली. साहेब दुसऱ्या गावी गेले, योजना गुंडाळली, नवी आली तिला नवं नाव. खिडकीपुढचा माणूस कोणीच नव्या योजनेत घातला नाही. बाईंनी पेल्यात पाणी ओतलं आणि प्यायला विसरल्या.

म्हटलं, "बाई, दुसरा पहारेकरी आल्याशिवाय पहिला जागा सोडत नाही. कालचा रंगरूटही सोडणार नाही."

"मग?"

"मग काय! पहारा बदलायचा."

१० नोव्हेंबर

फजिती!! मोठ्या तोऱ्यात गेलो. म्हटलं, "पहारा बदल." खांबाने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, खाली पाहिलं.

"चप्पल?"

"अरे, घाईत—"

"चप्पल घालून पहारा बदलतात? भटारखान्यातला तो भटारखान्यातलाच!"

सगळा आगार हसला. एका ड्रायव्हरने तर हॉर्न वाजवला.

११ नोव्हेंबर

बूट चमकवले. वहिनींनी शर्टाला अशी इस्त्री केली की बाही कापेल. म्हातारबुवांनी मला गॅलरीतून चालवून पाहिलं — ते पोस्टात होते, पण हुकूम सोडायची हौस दांडगी! रोज उरलेलं खाऊन सगळी इमारत माझी झाली आहे.

धाकट्या बहिणीचा फोन आला, तिला बेत सांगितला. "दादा, या वयात शोभतं का हे?" मग म्हणाली, "पोट आत घे, पाठ सरळ ठेव."

१२ नोव्हेंबर

झालं!

"थांब! कोण येतोय?"

"पहारा बदल."

बुटांपासून टाळूपर्यंत तपासलं मला. मग ताबा दिला — खिडकी एक, कुलूप एक, गंजलेलं. कबुतरं येऊन-जाऊन. काच आधीच फुटलेली, आपल्या वेळची नाही. मी सगळं पाहून घेतलं. म्हटलं, "पहारा माझ्या ताब्यात."

त्याने कडक सलाम ठोकला. दोन पावलं टाकली आणि कोसळलाच. बाई आणि खात्याच्या जीपचा ड्रायव्हर तयारच होते, त्यांनी धरला. बाई केवढ्याशा, पण सोडला नाही! मला रडू आलं. पहाऱ्यावर होतो म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

१३ नोव्हेंबर

हे आगारात लिहितोय. रुग्णालयात शुद्धीवर आल्या आल्या त्याने पहिलं विचारलं, "चौकीवर कोण?" बाई म्हणाल्या, उस्ताद. तेव्हा कुठे सुई टोचू दिली. चौकी रिकामी आहे असं कळलं तर सलाईनची बाटली हातात घेऊन येईल चालत. आणि मग पाय गेलाच.

म्हणजे मला हलता येत नाही. छान! खांब सुटला आणि मी अडकलो.

१५ नोव्हेंबर

थंडी आहे. माझ्या जुन्या बाकावर दुसराच कोणी घोरतोय. वहिनींनी डबा पाठवला. नेमका एका माणसाचा! कसं जमतं यांना?

बाई येऊन रागावल्या. "खोली रिकामी राहिली तर वरून विचारणा होईल. घरी जा हो, उस्ताद!"

"बदली पहारेकरी पाठवा."

"कुठून आणू? माझ्याकडे एक शिपाई आणि एक ड्रायव्हर आहे!"

तरातरा निघून गेल्या. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. एवढ्या मुश्किलीने छप्पर मिळालं. अजून दोन-चार दिवस इथे राहिलो तर हा आगारच पुन्हा घर वाटायला लागेल.

१७ नोव्हेंबर

सकाळी बुटांचा आवाज आला. टाक टाक टाक! बघतो तर बाई. पाठ ताठ, कपड्यांना इस्त्री, चष्मा चक्क जागेवर.

मी ओरडलो, "थांब! कोण येतंय?"

"पहारा बदल. खात्यातर्फे."

मागून शिपाई टेबल घेऊन, ड्रायव्हर खुर्ची आणि पाटी घेऊन. पाटीवर ताजा रंग — माजी सैनिक मदत कक्ष. आगारप्रमुखांशी भांडून बाईंनी ती खिडकीच मागून घेतली होती! शिपाई हळूच म्हणाला, बाईंनी दोन दिवस ऑफिसात सराव करून घेतलाय, माझे पाय दुखले.

खिडकी, कुलूप, काच, कबुतरं, सगळं मोजून दिलं. बाईंनी कुलूप ओढूनसुद्धा पाहिलं. मग म्हणाल्या, "पहारा माझ्या ताब्यात. उस्ताद, घरी जा."

१८ नोव्हेंबर

झोपलो. उठलो तेव्हा ऊन पार भिंतीवर आलं होतं.

२० नोव्हेंबर

पाय वाचला!! डॉक्टरीणबाईंनी हसत सांगितलं. खांब उशीला टेकून बसला होता, दाढी केल्यावर अगदीच पोरगेला दिसतो.

"चौकीवर कोण?"

"सरकार."

त्याने चादर बाजूला सारली. "माझे बूट कुठे आहेत?"

मी आणि नर्सने मिळून आडवा केला. शपथ घेऊन सांगितलं, मी रोज जाऊन बघेन. तेव्हा निजला.

२४ नोव्हेंबर

शब्द दिला होता म्हणून चौकी बघायला गेलो. टेबलापुढे एक अनोळखी माणूस उभा होता. फाटका स्वेटर, हातात बोचकं, उभा मात्र सावधानमध्ये. माझ्या जुन्या बाकावर घोरणारा तो हाच! बाई फोन उचलता उचलता त्याला म्हणाल्या, "तुम्ही इथेच थां—" आणि जीभ चावली. फोन ठेवला. चष्मा सावरला. "चला. मी येते तुमच्याबरोबर."

दोघं निघाले. खुर्ची रिकामी झाली. मी पायांकडे पाहिलं — बूट होते. बसलो.