टेबलाखालची घडी

बुधवार, ता. ६

चि. छोट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून बाबांना बघून आले. माझं बूड टेकत नाहीये. मागे कळवलं तसं डॉक्टरांनी कानाच्या आत बिघाड सांगितलाय. माणसाचा तोल म्हणे तिथूनच सांभाळला जातो. चाळीस वर्षं लोकांचे तराजू सरळ केले आणि आता स्वतः भिंत धरून चालतात. काल मी भाजी आणायला गेले तेवढ्यात बाबा न्हाणीघरात पडले, कोपर सोललं. दिवसभर पडूनच आहेत. कामाचं टेबल डगमगायचं, त्यावर हात टेकून उठताना त्यांचा तोल जाईल म्हणून मागच्या आठवड्यात मी त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची जाड घडी सरकवली. टेबल तरी आता पक्कं उभं आहे.

खरी गोष्ट पुढे आहे. सोमवारी बाबांनी दोन तराजू झाले म्हणून टेबलावर ठेवले, औषधवाल्याचा पुड्या तोलायचा आणि शाळेच्या प्रयोगशाळेचा. मी सहज बघितलं तर दोन्हींचा काटा केसभर डावीकडे. मला वाटलं, चक्करेत त्यांच्याकडून चुकलं. ते दुपारी आडवे झाल्यावर मी पारड्याखालच्या डबीत शिशाचा एकेक कण टाकला, काटे मध्यावर आणले, आणि औषधवाल्याचा तराजू संध्याकाळी स्वतः पोचवला. बाबांना कोणत्या तोंडाने सांगू? त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं की ते कसे आठ-आठ दिवस अबोला धरतात, तुला ठाऊक आहे.

छोट्या, उद्या माझं लक्ष नसताना चुकीचा तराजू बाहेर गेला आणि कुणाच्या औषधात फरक पडला तर? तू त्यांना तुझ्याकडे घेऊन जा. दुकान बंद करू. हे लिहिताना मला रडू येतंय, पण लिहिते.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस. उत्तर लवकर दे.
तुझी ताई

रविवार, ता. १०

ती. ताईस,
छोट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. गॅरेजात एकाच गाडीची चाकं दोनदा बॅलन्स केली. मालकाने विचारलं, बिघाड चाकात आहे की तुझ्यात. तू मोठी, म्हणून तोलून-मापून लिहितोय, पण ही लपवाछपवी मला आवडली नाही. असो. महिनाअखेरीस रजा काढतो आणि बाबांना घेऊन येतो. हिच्याशी बोललोय, खिडकीजवळची खोली रिकामी करतोय.

एक शंका मात्र डोक्यातून जात नाही. दोन्ही तराजू केसभर, आणि दोन्ही डावीकडेच? हात थरथरला असता तर चूक एकदा इकडे, एकदा तिकडे झाली असती. आमच्याकडे गाडी कलत्या जागी लावली तर चांगली चाकंही वाकडी दिसतात. शाळेचा तराजू अजून घरी असेल तर टेबलावर ठेव आणि मागची बाजू पुढे करून फिरव. काटा मध्यावरच राहिला तर तुझं बरोबर. हलला तर टेबलाखाली बघ.

बाबांना नमस्कार. माझ्यावर रागावून का होईना, लोभ ठेव.
तुझा छोट्या

गुरुवार, ता. १४

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र उभ्या उभ्याच वाचलं आणि तराजू फिरवला. काटा सरळ दुसऱ्या पारड्याकडे गेला. घडीमुळे टेबलच कललंय, छोट्या. बाबांचे तराजू बरोबर होते, बिघडवले मी. तशीच औषधवाल्याकडे पळाले. तिथे पोचल्यावर कळलं की पायात दोन वेगळ्या चपला आहेत. दहा दिवसांत त्याने किती पुड्या बांधल्या असतील, त्यातल्या कितीशा लहान मुलांच्या, हेच वाटभर डोक्यात होतं.

त्याने मला आधी बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, एकही पुडी चुकली नाही. तराजू ज्या जागी ठेवायचा त्या जागी तपासल्याशिवाय बाबा काम संपलं असं मानत नाहीत. मंगळवारी तो दुकान उघडायला आला तेव्हा बाबा भिंतीला टेकून दाराशीच उभे होते. शिशाचा कण काढला, आणि पोरीला सांगू नका, तिचा हिरमोड होईल, असं बजावून निघाले. परत जाताना त्याच्याच पायरीवर पडले. न्हाणीघराचं सगळं खोटं होतं.

घरी येऊन मी रडले आणि भांडलेही. ते शांतपणे म्हणाले की टेबल कललंय हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. तेव्हापासून ते तराजू खिडकीच्या दगडावर ठेवून काटा जुळवतात. मग घडी का नाही काढली, असं मी विचारलं. तर म्हणाले, ती तू मला धरायला म्हणून घातली होतीस, आणि धरायला टेबल चांगलं झालं होतं.

घेऊन जायला येऊ नकोस. चक्कर आहेच, पण तराजू पोचवायला यापुढे आम्ही दोघं जाऊ, त्यांचा हात माझ्या खांद्यावर असेल. रजा मात्र काढ, आणि येताना पातळी बघायची पाणसळ आण. टेबलाचे पाय नीट तासून दे. तोवर घडी राहू दे, असं बाबा म्हणतात.

आहे तेवढी माया तशीच राहो,
तुझी ताई