चिठ्ठीवर लिहिलेलं दूध

३ मार्च, सोमवार

मनगट गेलं कामातून. अकरा पोरं, अकरा बाटल्या, आणि भूक सगळ्यांना एकदमच लागते! पाळणाघर कसलं, रणांगण आहे नुसतं.

मुंगीचं वजन याही महिन्यात तिथल्या तिथेच. चार महिन्यांची पोर, पण उचलली तर हाताला कळतसुद्धा नाही. बाटलीवर तिच्या आईची चिठ्ठी — ‘आईचं दूध’. अंगावरचं दूध फ्रीजमध्ये ठेवलं की वर सायीसारखा थर धरतो. हिच्या बाटलीत कधीच नाही. वीस वर्षं हेच करतेय मी, मला कोण फसवणार! पावडरचं दूध आहे. आणि तेही पाणीच पाणी.

४ मार्च

मोठ्या बाईंना सांगितलं. "चिठ्ठीवर लिहिलंय ते पाजा. आपण कोण विचारणारे?" झालं!

६ मार्च

राहवलं नाही. संध्याकाळी मुंगीच्या आईला बाजूला घेतलं. आधी चिडली, मग रडायलाच लागली. दुसऱ्याच महिन्यात दूध आटलंय. सासूबाई मात्र सगळीकडे सांगत सुटल्यात, "आमच्या सुनेला दुधाची ददात नाही!" म्हणून ही चोरून पावडर कालवते — आणि अंगावरचं दिसावं म्हणून मुद्दाम पातळ करते! कपाळाला हात लावला मी. "अगं, पोर उपाशी राहतेय!" म्हटलं, इथे आम्ही पावडरचं दूध देतो, तेच पाजू. तर म्हणते, "रोज काय पाजलं ते तुम्ही वहीत लिहाल ना. वही घरी सासूबाई वाचतात. दाट केलं तरी त्यांना कळेल."

त्या सासूचा असा राग आलाय ना!

७ मार्च

बाटली रिकामी झाली तरी मुंगी चोखतच होती. मला बघवेना.

१० मार्च

पाय सुजलेत. काही लिहवत नाही.

११ मार्च

मुंगीचं दूध आज चांगलं दाट! बघा, तोंड उघडल्याशिवाय काही होत नाही. मोठ्या बाईंनी शिकावं जरा.

२४ मार्च

चारशे ग्रॅम वाढली! मोठ्या बाईंना मुद्दाम दोनदा सांगितलं. ऐकलं हो मुंगीच्या आईने माझं.

२५ मार्च

मुंगीला न्यायला आज तिच्या आजी आल्या. मी तोंड फिरवूनच उभी होते. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सून अंघोळीला गेली की बाटलीत पावडर मी वाढवते. लपवलेला डबा सापडला मला. तिला कळू देऊ नका हं."

मग त्यांनी मुंगीला खांद्यावर घेतलं. "मला तरी कुठे आलं होतं दूध!"