मैनेचं वय

ता. इगतपुरी
१८ जून १९९३

चि. सविता हीस,
अनेक आशीर्वाद. तुला बी.एड.ला प्रवेश मिळाल्याचं दादाने कळवलं. आनंद झाला. आता अक्षर सुधार. तुझं मागचं पत्र वाचायला मला चष्मा दोनदा पुसावा लागला.

इकडे शाळा सुरू झाली. चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फेब्रुवारीत आला, तो तू वाचला असशीलच. मी तो पाड्यावर घरोघरी जाऊन सांगितला आणि सोमवारी एका दिवसात एक्केचाळीस मुलं पहिलीत घातली. जन्माचा दाखला एकाकडेही नव्हता. मग आमची नेहमीची रीत. हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरता आला, की सहा वर्षं पूर्ण. जन्मतारीख सर्वांची एकच लिहिली, १ जून १९८७. हिरामणच्या मैनेचे हात काटकुळे नि लांब, तिचा सगळ्यांत आधी पोचला. तिची आई भागीबाई मात्र, पोर लय लहान हाय बाई, असं म्हणत मागे मागे फिरत होती. मी तिला गप्प केलं. आयांना पोरं लहानच वाटतात.

दादा-वहिनींस नमस्कार. उत्तर आठ दिवसांत यावं, माया असली तर आधीच येईल.
तुझी,
प्रतिभाआत्या

घोटी
२२ ऑगस्ट २००४

ती. प्रतिभाआत्यास,
सविताचा शिरसाष्टांग नमस्कार. भाताची आवणी उरकली, मुलं वर्गात परतली. तुझे गुडघे कसे आहेत? निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी तू शेजारच्या मुलांच्या वह्या तपासतेस, असं बाबा सांगत होते. त्या मुलांची मला दया येते.

आज कामासाठी लिहिते आहे. तुझी मैना माझ्या दहावीच्या वर्गात आहे. आई-बापाबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या छाटणीला जावं लागल्यामुळे तिची दोन वर्षं गेली, तरी गणितात पहिली येते. परवा ती विचारत होती, की माणसाची खरी जन्मतारीख कोणाकडे असते. चौकशी केली तेव्हा कळलं. हिरामणने तिचं लग्न ठरवलंय, पुढच्या वर्षी २ जूनला. तुझ्या रजिस्टराप्रमाणे १ जूनला तिला अठरा पूर्ण होतात, आणि कायदा मोडायचा नाही म्हणून तो बिचारा तेवढं थांबलाय. पण अंगणवाडीच्या कलाबाईंकडे जुनी वजनाची वही आहे. तीत मैनेचा जन्म डिसेंबर १९८८ चा आहे. म्हणजे लग्नात ती साडेसोळाची असेल.

बोर्डाचा फॉर्म ऑक्टोबरात जाईल. मुख्याध्यापक म्हणतात, शाळेत नाव आहे तोवरच तारीख बदलता येते, नंतर ती कायमची. नोंद करणाऱ्या शिक्षिकेचं प्रतिज्ञापत्र लागेल. देशील ना?
तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
सविता

नाशिक
३० ऑगस्ट २००४

चि. सविता हीस,
अनेक आशीर्वाद. गुडघे आहेत तसेच आहेत.

प्रतिज्ञापत्र देणार नाही. तेव्हा जिल्हाभर असंच वय ठरवत. एकीची तारीख उघडली, की एक्केचाळीस जणांच्या उघडाव्या लागतील. त्यातला पुंजाराम त्याच तारखेवर आयटीआयला लागला आहे. सहादू अठरा होताच पोलीस भरतीला उभा राहणार आहे. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? मी घाई केली नसती, तर ती मुलं आज गुरांमागे असती. आणि कलाबाईंच्या वहीला तू पुरावा म्हणतेस? मी सदतीस वर्षं रजिस्टर लिहिलं, एक खाडाखोड नाही. लग्न मोडायचं असेल तर हिरामणशी बोल, कागदाशी नको.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिही.
प्रतिभाआत्या

घोटी
५ सप्टेंबर २००४

ती. आत्यास,
नमस्कार. हिरामणशी बोलले. तो म्हणाला की बाईंनी लिहिलं ते खोटं कसं असंल, बाईंनीच तर आमाला कायदा शिकवला.

चौदापर्यंतचा हक्क आता घटनेतही गेला. तो वयावर चालतो, लग्नाचा कायदाही वयावर चालतो, आणि आपण वय कानावरून ठरवलं.

सोबत तुझं १९९३ चं पत्र पाठवते आहे. मूळ प्रत आहे, दुसरी ठेवलेली नाही. भागीबाई तेव्हा काय म्हणत होती, ते तुझ्याच अक्षरात आहे. फाडायचं असेल तर फाड, मी पुन्हा विषय काढणार नाही.
तुझीच,
सविता

नाशिक
१९ जून २००५

चि. सविता हीस,
अनेक आशीर्वाद. सप्टेंबरात मी ते पत्र प्रतिज्ञापत्राला जोडलं, हे तुला ठाऊकच आहे. दुरुस्तीचा आदेश मात्र तू पाहिला नाहीस. त्यात लिहिलंय, तत्कालीन शिक्षिकेने आईचे म्हणणे न ऐकता नोंद केल्यामुळे. वाचून पोच म्हणून सही केली. वाक्य बरोबर आहे.

काल हिरामण मैनेला घेऊन घरी आला. पत्र्याची पेटी दारात ठेवली, चहा घेतला नाही. म्हणाला की बाई, तुमीच लिवलं, तुमीच बदललं, आता अकरावी-बारावी तुमीच बघा. पाव्हणे थांबायला तयार हायेत. पोरीला अठरा झाली, की दुसऱ्या दिवशी न्यायला येईन, मग तुमचा कायदा आडवा यायचा नाय. मी म्हटलं, नाही येणार. खोटं काय सांगू?

तो गेल्यावर हिशेब लक्षात आला. अठरा पूर्ण होतात २००६ च्या डिसेंबरात. बारावीची परीक्षा त्यानंतर फेब्रुवारीत. मधले दोन महिने तिला न्यायालयाचा कोणताही निकाल देत नाही, कोणतंही कलम देत नाही. मलाही देता येणार नाहीत, कारण मी तिची कोणी नाही. ते तिलाच मागावे लागतील.

आज सकाळी भाजी निवडताना तिला विचारलं, की बापासमोर उभं राहून नाही म्हणता येतं का. तिने मेथीची काडी मोडली. मग म्हणाली, की अजून नाय येत.

मी म्हटलं, उद्यापासून रोज संध्याकाळी माझ्यासमोर म्हणायचं. तुझा लोभ असेल, तर रविवारी तूही येऊन समोर बस.
प्रतिभाआत्या