अन्नपूर्णेचा इलाज

४ जानेवारी १९३८, उंद्री
झोप बंद केली. गरजच राहिली नाही. उंद्री ते चिखली मोटर सर्व्हिस काढणार. ड्रायव्हर ठरवला. मोटर नंतर पाहू.

९ जानेवारी
गॅरेजसाठी गोठा पाडला. बैल सध्या ओसरीवर. बायको अन्नपूर्णा रडली. मले झोप येत नाही, मले डॉक्टरकडे न्या, म्हणाली. बिचारी नर्व्हस आहे. नेतो म्हटलं.

१२ जानेवारी, चिखली
डॉक्टर रहेमतुल्ला गोड बोलतो, म्हणून संशय. प्रश्न सगळे मलाच. झोपता किती, पहिले कधी असं झालतं काय. बायकोची माहिती नवऱ्याकडून घेत असावेत. की टांगेवाल्या किसनरावाने त्याला फितवलं? मोटरचा बेत कळू दिला नाही. फक्त रूट आणि टायमिंग सांगितलं.

२ फेब्रुवारी
अंथरुणात. उठवत नाही. मोटर कोणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे. किसनरावाने विहिरीत काही टाकलं असावं. अन्नपूर्णा तेच पाणी पिते, तिला काही होत नाही. तीही सामील?

२० फेब्रुवारी
चला, माह्या औषधाचा दिवस हाय, म्हणून तिने गाडी जुंपायला लावली. डॉक्टर तिला समजावत होता, माझ्याकडे पाहून. हा मनाचा आजार आहे. कधी मन उधळते, कधी बसकण मारते. माणसाचा दोष नाही. पण चाहूल ओळखता येते. झोप उडाली की इकडे यायचं, नवा बेत आठ दिवस घरात बोलायचा, मगच हात घालायचा. मरून जावंसं वाटते काय, असंही विचारलं. हो म्हणालो. तिच्या वतीने.
अन्नपूर्णा खाली पाहत होती.

१५ मार्च
दर बाजाराच्या दिवशी डॉक्टरकडे जातो. बोलतो मीच, ती लाजते. ट्रीटमेंट तिला मानवली, चेहरा भरला. मीही वेळेवर निजतो. सोबत म्हणून.

३ एप्रिल
तेलाची मिल सुचली. आठ दिवस अन्नपूर्णेशी बोललो. तिने एकदाही नाही म्हटलं नाही. शेवटी मिल मलाच पटेना. यात तिचा डाव दिसतो.

१७ एप्रिल
अन्नपूर्णा माहेरी, जानेफळला. आज डॉक्टरला एकट्याने गाठून सगळं कारस्थान उघडं पाडायचं ठरवलं. चिखलीला गेलो. म्हटलं, पेशंट आली नाही.
डॉक्टर म्हणाले, आला ना. बसा, पंजाबराव.
बसलो. जाब विचारायचा होता. घर खायला उठते, एवढंच बोललो आणि रडूच आलं. बाहेर माणसं खोळंबली होती. डॉक्टरांनी उठून दार लोटून घेतलं.